काचेची पट्टी

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरात, मधल्या खोलीच्या भिंतीवर हातभर जागा कधीच रंगवली जात नाही. दिवाळीआधी रंगारी आला की आई त्याला आधी तिथं नेऊन उभं करते आणि सांगते, "एवढं सोडून रंगव बाबा." नवीन माणूस असला की हमखास विचारतो, देवाचं आहे का काही? आई म्हणते, "देवाचं नाही. ह्यांचं आहे."

त्या जागेत एक तडा आहे. कोनाड्याच्या कोपऱ्यातून निघून तिरका वर तुळईकडं गेलेला. तड्याच्या अल्याड एक खिळा, पल्याड एक खिळा. भोवती शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा आणि आकडे, मुंग्यांच्या रांगेसारखे. शेवटच्या काही ओळी माझ्या अक्षरात आहेत, आधीच्या सगळ्या अप्पांच्या.

अप्पा मेस्त्री होते. ओळंबा, गुण्या, थापी आणि पाण्याची नळी एवढ्या सामानावर त्यांनी जन्मभर लोकांच्या भिंती सरळ उभ्या केल्या. आमचं घर मात्र त्यांनी बांधलेलं नव्हतं. आजोबांच्या वेळचं माळवदाचं घर, मातीत रचलेल्या दगडी भिंती. तडा गेला तेव्हा मी चौथीत होते. शेजारी चार पॉवरलूम होते. दिवसरात्र खटखट चालायची आणि आमच्या फडताळातली भांडी त्या तालावर किणकिणायची. काकांनी निकाल देऊन टाकला होता, मागांच्या धक्क्यानं भिंत गेली. शेजाऱ्यांशी बोलाचाली व्हायची वेळ आली, तेव्हा अप्पा म्हणाले, "भांडायचं तर भांडू. पण आधी बघू तरी."

मग त्यांनी फुटक्या तावदानातून बोटभर रुंदीची काचेची पट्टी कापली, तड्यावर आडवी धरली आणि दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांनी भिंतीला चिकटवली. खाली तारीख लिहिली.

"काय करायलाय अप्पा?"

"पहारेकरी बसवायलोय. काच ताणत नाही बघ. भिंत केसभर सरकली तरी मोडणार. आपण झोपेत असलो तरी सकाळी कळणार."

पट्टी माघात लावली आणि चैत्र संपता संपता मोडली. मधोमध, सुरीनं कापल्यासारखी. भिंत हलते आहे एवढं कळलं. पण काच 'हलली' एवढंच सांगते. किती, कुठल्या दिवसांत, कुणीकडं, हे सांगत नाही. म्हणून अप्पांनी दोन खिळे ठोकले, बरोबर ५० मिलिमीटर अंतरावर, आणि दर अमावास्येला ते अंतर मोजायला सुरुवात केली. अमावास्येला मेस्त्री लोक काम करत नाहीत, त्यामुळं तो दिवस त्यांना मोकळा असायचा. अंघोळ करून, माझ्या कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन ते भिंतीपुढं बसत. डिव्हायडरची टोकं खिळ्यांवरच्या बारीक खुणांत टेकवायची, श्वास रोखून उचलायची, स्टीलच्या पट्टीवर ठेवायची. असं तीन वेळा. तिन्ही वेळा सारखं आलं तरच लिहायचं.

दीड वर्षानं गोष्ट उघड झाली. तडा माघापासून ज्येष्ठापर्यंत उघडत होता आणि आषाढात पाऊस लागला की मिटत होता. माग तर बारा महिने चालत होते. म्हणजे धक्क्याचा काही संबंध नव्हता. आमचं घर अर्धं मुरमावर होतं आणि अर्धं काळ्या मातीच्या भरावावर. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. काकांना हे पटवताना अप्पा जे बोलले ते मी विसरलेले नाही. "घर सरकलं तर सरकू दे की. अख्खं सरकलं तर काही होत नाही. अर्धं सरकतंय अन् अर्धं थांबतंय, तिथं तडा जातो."

शेजाऱ्यांकडं त्या संध्याकाळी आईनं हुरड्याची वाटी आणि शेंगाची चटणी पाठवली.

अप्पा गेल्यावर काही वर्षांनी, शाळेत विज्ञान शिकवायची तयारी करताना, मला एक जुनी आकृती दिसली. हिमनदीवर आडव्या ओळीत रोवलेल्या काठ्या, आणि वर्षानंतर त्याच काठ्यांची धनुष्यासारखी वाकलेली ओळ. मी ती आकृती बघत बराच वेळ बसून राहिले. दोन खिळे आणि एक तारीख, एवढंच तर होतं त्यात. तेव्हापासून जगाच्या दोन टोकांना पसरलेला हा बर्फ कसा मोजतात, याची मला ओढ लागली आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो, माठातलं पाणीही कोमट होतं. अशा दुपारी मी अंटार्क्टिकाचे नकाशे बघत बसते. शाळेतल्या मैत्रिणींना याचं नवल वाटतं, पण मला ते आमच्या मधल्या खोलीतलंच काम वाटतं.

बर्फ वाहतो हे मुळात पटायला जड जातं. आपल्याला बर्फ माहीत आहे तो गोळ्याच्या गाडीवरचा, भुशात लोळवून पोत्यात गुंडाळलेली लादी. टोच्या मारला की तडकतो, कपच्या उडतात. असली ठिसूळ वस्तू वाहणार कशी? मुलांना मी डांबराचं पिंप आठवायला सांगते. रस्त्याकडेला आडवं पडलेलं पिंप असतं, त्यातलं डांबर हातोडी मारली तर काचेसारखं फुटतं, पण तेच डांबर उन्हाळाभर पिंपाच्या तोंडातून जिभेसारखं बाहेर येत राहतं. घाई केली तर फुटेल, वेळ दिला तर वाहील. बर्फाचंही तसंच आहे. वर शेकडो मीटर बर्फाचं ओझं साचलं की खालचे स्फटिक पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखे थराथरांनी एकमेकांवरून सरकायला लागतात.

हे ठसठशीत दिसलं तेही एका घरामुळंच. स्वित्झर्लंडमध्ये उंटरआर हिमनदीवर फ्रान्झ योसेफ हुगी या अभ्यासकांनी १८२७ मध्ये एक झोपडी बांधली होती. १८३९ मध्ये लुई अगासी हे दुसरे अभ्यासक तिथं गेले, तर झोपडी मूळ जागेपासून किलोमीटरभराहून जास्त खाली आलेली. कुणी उचलून नेली नव्हती, तिच्याखालची जमीनच चालत आली होती. अगासींनी मग १८४१ मध्ये हिमनदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काठ्या रोवल्या. पुढच्या वर्षी मोजलं तेव्हा मधल्या काठ्या जास्त पुढं गेलेल्या आणि काठाजवळच्या मागं रेंगाळलेल्या. मी बघत बसले होते ती आकृती याच प्रकारच्या मोजणीची.

सोलापूरच्या माणसाला ही आकृती दरवर्षी जानेवारीत बघायला मिळते. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. गच्चीवरून बघितलं तर खाली नुसती पांढऱ्या बाराबंद्यांची दाटी, कोण कुठं चाललंय काही कळत नाही. गर्दी जागच्या जागी हलल्यासारखी वाटते. पण डोक्यांच्या वर उंच गेलेल्या त्या काठ्यांकडं बघावं. समोरच्या घराच्या कठड्याशी काठी जुळवून धरली की ती बोटभर पुढं गेली, वीतभर पुढं गेली, हे दिसतं. आणि रस्त्याच्या मधले लोक पुढं जातात, दुकानांच्या पायऱ्यांना घासून चालणारे मागं राहतात. 'हर्र बोला हर्र' च्या गजरात अप्पा मला खांद्यावर घेऊन म्हणायचे, "माणसं बघू नकोस, काठी बघ."

वरच्या बाजूचं असं समजलं, पण आतलं काय? खालचा बर्फ ओझ्यानं दाबला जाऊन वरच्यापेक्षा वेगानं बाहेर ढकलला जात असेल, असं मानणारे जाणकार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. वाद पुष्कळ झाला. शेवटी १९४८ मध्ये मॅक्स पेरुट्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊ शिखराजवळच्या हिमनदीत शंभर मीटरहून खोल लोखंडी नळी उभी उतरवली आणि नंतर परत येऊन ती कुठं किती कलली ते मोजलं. वरचं टोक जास्त पुढं गेलेलं, खाली जावं तसा वेग कमी. वाद तिथं मिटला. हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी १९६२ मध्ये नोबेल मिळालेले पेरुट्झ ते हेच. मला मात्र ते त्या नळीसाठी जवळचे वाटतात. भांडायच्या आधी बघू तरी, असं म्हणणारा तोही एक माणूस.

पुढं केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी प्रयोगशाळेत बर्फावर वजन ठेवून तो किती वेगानं चेपतो ते मोजलं. १९५०च्या दशकातलं हे काम आजही या शास्त्राचा पाया आहे. ताण दुप्पट केला तर बर्फ दुप्पट नाही, साधारण आठपट वेगानं आकार बदलतो. मुलांना हा आकडा सांगितला की ती गप्प होतात. चढ थोडा वाढला, जाडी थोडी वाढली, तर परिणाम थोडा राहत नाही. शिवाय बर्फ शून्याच्या जितका जवळ, तितका मऊ. अमेरिकी सैन्यानं १९५९-६० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात बोगदे खणून कॅम्प सेंच्युरी नावाचं ठाणं उभं केलं होतं, अणुभट्टीसकट. बर्फानं ते बोगदे हळूहळू आवळत आणले. भिंती आत येत, छत खाली येई, माणसं तासून तासून जागा करत. १९६७ मध्ये ते ठाणं सोडून द्यावं लागलं.

डोंगरातल्या हिमनदीला निदान काठ असतो. काठावरच्या न हलणाऱ्या कातळावर दुर्बीण ठेवायची आणि बर्फावरची काठी मोजायची. अंटार्क्टिकाचं काय करणार? सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा पसारा, सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. मधोमध उभं राहिलं तर क्षितिजापर्यंत एक दगड दिसत नाही. तुम्ही हलताय, काठी हलतेय, तंबू हलतोय, सगळं एकत्र. कशाच्या मानानं मोजणार? अप्पांना हा प्रश्न फार आवडला असता. "ओळंबा टांगायला आधी न हलणारं काहीतरी पाहिजे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

दक्षिण ध्रुवावर ही अडचण डोळ्यांना दिसते. तिथला बर्फ वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो. ध्रुवबिंदू दाखवणारी खूण बर्फात रोवलेली, त्यामुळं वर्षभरात ती ध्रुवापासून दूर जाते. म्हणून दर १ जानेवारीला नवी खूण खऱ्या जागी रोवतात. जुन्या खुणांच्या जागा एका रांगेत मागं राहतात, आमच्या भिंतीवरच्या तारखांसारख्या.

आपल्या देशाचाही यात एक धडा आहे. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत (नागपूरच्या अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय शास्त्रज्ञ स्त्रिया याच मोहिमेतल्या) दक्षिण गंगोत्री हे स्थानक बर्फाच्या थरावर उभारलं गेलं. काही वर्षांतच ते हिमात गाडलं जाऊ लागलं आणि सोडावं लागलं. पुढचं मैत्री स्थानक १९८९ मध्ये शिर्माखर टेकड्यांच्या खडकावर बांधलं. भरावावरून मुरमावर आलो, असं मी मनात म्हणते.

न हलणारी जागा बर्फावर सापडत नव्हती, ती अखेर आकाशात सापडली. उपग्रह कुठल्या क्षणी कुठं आहे हे नेमकं माहीत असतं, त्याच्या संकेतांवरून बर्फावरच्या काठीची जागा काढता येऊ लागली. मग रडार आलं. उपग्रहातून लहर खाली सोडायची, बर्फावरून परत आलेली लहर नोंदवायची. काही दिवसांनी त्याच वाटेवरून पुन्हा जाऊन तेच करायचं. मधल्या काळात बर्फ सरकला असेल, तर परतणाऱ्या लहरीचा चढउतार आधीच्याशी जुळत नाही. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली की रंगीत पट्टे उमटतात. युरोपच्या १९९१ मध्ये सोडलेल्या ईआरएस-१ या उपग्रहाच्या लहरीची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या जरा वर होती. उपग्रह आणि बर्फ यांच्यातलं अंतर त्याच्या निम्म्यानं बदललं, की एक पट्टा. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून पावणेतीन सेंटिमीटर! १९९३ मध्ये अंटार्क्टिकातल्या रटफर्ड हिमप्रवाहाचा वेग अशा रीतीनं मोजून प्रसिद्ध झाला. या मोजणीसाठी माणसाला काठी रोवावी लागली नाही, बर्फाचा पृष्ठभागच खूण झाला होता.

२०११ मध्ये एरिक रिग्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या अंटार्क्टिकाच्या वेगाचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. तो मी शाळेच्या फळ्याशेजारी लावला आहे. किनाऱ्यालगत वर्षाला काही किलोमीटर वेगानं धावणारे प्रवाह, आणि त्यांची मुळं शेकडो किलोमीटर आत, वडाच्या पारंब्यांसारखी पसरलेली. आतल्या भागात वेग वर्षाला काही सेंटिमीटरवर येतो.

पण वेगापेक्षा मला त्यातल्या सीमा बघायला आवडतात. वेगवान प्रवाह आणि त्याच्या शेजारचा संथ बर्फ यांच्यात काही किलोमीटरची चिंचोळी पट्टी असते, आणि सगळी ओढाताण तिथं होते. बर्फ तिथं पिळला जातो, ताणला जातो, भेगांनी भरून जातो. अख्खा बर्फ एकसारखा सरकला असता तर त्याचा आकारच बदलला नसता. शेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर बदलतं तिथं विरूपण. अर्धं सरकतंय, अर्धं थांबतंय. हा फरक मोजण्यासाठी संशोधक बर्फावर काठ्यांचे चौकोन रोवतात, चारही बाजू आणि कर्ण मोजून ठेवतात आणि परत येऊन बघतात. चौकोन कुठल्या दिशेनं लांबला, कुठल्या दिशेनं आखडला.

आणि खाली काय आहे यावरही सगळं असतं. पश्चिम अंटार्क्टिकातला व्हिलन्स हिमप्रवाह ओल्या गाळावर बसलेला आहे. तो एकसारखा सरकतच नाही. तासन्‌तास जवळजवळ थांबतो आणि भरती-ओहोटीच्या तालावर दिवसातून दोनदा झटका देतो, सुमारे अर्ध्या तासात अर्ध्या मीटरच्या आसपास. हे वाचलं त्या दिवशी मला अप्पांना फोन करावासा वाटला. माती ओली झाली की घर बदलतं, हे त्यांनी अमावास्येमागून अमावास्या लिहून ठेवलंच होतं.

ऋतूंचंही तसंच. ग्रीनलंडच्या पश्चिम भागात स्विस कॅम्प नावाचा तळ कोनराड स्टेफन या हिमशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये उभारला. तिथं जीपीएस लावून केलेल्या मोजणीतून २००२ मध्ये दाखवलं गेलं, की उन्हाळ्यात बर्फाचा वेग वाढतो; वर वितळलेलं पाणी भेगांतून तळापर्यंत पोचतं आणि घसरण सोपी होते. वर्षातल्या अमुक दिवसांत वेग चढतो, अमुक दिवसांत उतरतो. स्टेफन तीस वर्षं त्या तळावर परत परत जात राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये तिथंच जवळ एका हिमभेगेत पडून त्यांचा मृत्यू झाला. तापत चाललेल्या बर्फाबद्दल जगाला सांगणाऱ्या माणसाला त्याच बर्फानं पोटात घेतलं. याच ग्रीनलंडमध्ये १९३० च्या नोव्हेंबरात आल्फ्रेड वेगेनर गेले. खंड सरकतात असं सांगणारा हा माणूस. त्याच्या सोबत्यांनी त्याला बर्फातच मूठमाती दिली. त्याचा सोबती रास्मुस विलुमसेन तर सापडलाच नाही. वेगेनर अजून तिथंच आहेत, खोल गाडले गेलेले, बर्फाबरोबर समुद्राच्या दिशेनं हळूहळू निघालेले.

शाळेत एका पालकांनी मला विचारलं होतं, "मॅडम, आपलं सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटर उंच. आपल्याला काय त्याचं?" प्रश्न मनापासून होता. अंटार्क्टिकातला सगळा बर्फ समुद्रात गेला तर पाणी सुमारे ५८ मीटर चढेल, ग्रीनलंडचा गेला तर सात मीटरच्या वर. सगळा काही उद्या जाणार नाही. पण त्यातला किती, किती वर्षांत, हे बर्फ किती वेगानं समुद्राकडं येतो यावर ठरणार आहे, आणि ते मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं मुंबईत आहेत. त्यांच्या खोल्या काही साडेचारशे मीटरवर नाहीत. मी त्यांना एवढंच म्हणाले.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह गेला, इस्रो आणि नासाचा मिळून. त्या संध्याकाळी मी आईला शेजारी बसवून उड्डाण दाखवलं. बारा मीटर रुंदीची त्याची रडारची जाळीदार छत्री आहे, आणि तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून त्याच वाटेनं परत जातो. अंटार्क्टिकाचा बर्फ मोजतो, हिमालयातल्या हिमनद्या मोजतो, आणि काळ्या मातीची आपली जमीनही. आईनं विचारलं, "बारा दिवसांनी परत येतो?" होय म्हटलं. "म्हणजे ह्यांच्यापेक्षा लवकर," ती म्हणाली.

परवा वैशाखी अमावास्या झाली. सकाळी अंघोळ करून डिव्हायडर घेतला. आईनं मोबाईलची बॅटरी लावून धरली, तिचा हात आता थोडा थरथरतो, म्हणून मी तिला कोनाड्यावर कोपर टेकवायला सांगितलं. तीन वेळा मोजलं. पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा सारखं आलं, तिसऱ्यांदा अर्धा मिलिमीटर कमी. मग परत तीन वेळा. ५८ आणि अर्धा.

"गेल्या वैशाखात किती होतं?"

"अठ्ठावन्न."

आईनं तड्यावरून बोट फिरवलं, वरपर्यंत. मी पेन्सिल उचलून आकडा लिहायला गेले, तर तिनं हात धरला.

"तारीख आधी. ते आधी तारीख लिहायचे."